पिकअपचं इंजिन ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचंय, कुणी केलंय का?

डबलकॅब | गुरुवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल पिकअप, टर्बो, १ लाख १२ हजार किमी झालेत. आजवर ऑइल गॅरेजमध्येच बदललं. मागच्या वेळी गाडी देण्याआधी फिल्टरवर मार्करने एक ठिपका काढून ठेवला होता. बिलात नवा फिल्टर लावलाय, आणि गाडी परत आली तर ठिपका जागच्या जागी! वाद घातला नाही, पण तेव्हाच ठरवलं की पुढचं ऑइल मी बदलणार.
पुस्तिकेप्रमाणे ५डब्ल्यू-३०, फिल्टरसकट ७.५ लिटर. ऑइल, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या खालच्या बुचाचा) वॉशर आणलाय. शंका अशा: गाडी उचलावी लागेल का? इंजिन गरम असताना काढायचं की थंड? रात्रभर निथळत ठेवलं तर जास्त स्वच्छ निघेल ना? आणि मुख्य प्रश्न, हे खरंच घरी करण्याजोगं काम आहे की मी उगाच शहाणपणा करतोय?

नटबोल्ट | गुरुवार, रात्री ९:२०
खूण करून गाडी द्यायची आयडिया ढापण्यात आली आहे.

मी_फक्त_वाचते | गुरुवार, रात्री ९:३१
वाचतेय. माझ्याकडे पिकअप नाही, ऑइल कुठून ओततात तेही माहीत नाही. तरी वाचतेय.

जुनं_डिझेल | गुरुवार, रात्री १०:०५
करण्याजोगं आहे, बिनधास्त कर. पिकअपची उंची हा मोठा फायदा. कारच्या खाली शिरायला आधी कार उचलावी लागते, पिकअपखाली पोट आत घेतलं की माणूस जातो. सपाट जमीन, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना पुढून-मागून उट्या. एवढं पुरे.
इंजिन कोमट हवं. दहा मिनिटं चालू ठेव, मग बंद करून पंधरा मिनिटं थांब. थंड ऑइल जाड असतं, हळू उतरतं आणि खाली बसलेला गाळ तिथंच ठेवून येतं. उकळतं काढलंस तर मनगट भाजेल, कारण प्लग सुटतो त्या क्षणी हात नेमका त्याच्या खाली असतो.
ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी वरचं ऑइल भरायचं झाकण उघड. वरून हवा आली की खालची धार गचके न देता पडते. शिवाय ते झाकण मुळात उघडतंय की नाही हे आधी कळलेलं बरं. खालून सगळं सांडून झाल्यावर वरचं झाकण अडकलेलं निघालं तर काय करशील?
प्लगला बारा कोनांचा नको, सहा कोनांचा सॉकेट लाव. एकदा सैल झाला की पुढचं बोटांनी सोडव, पण सोडवताना प्लग वरच्या दिशेने दाबून धर. शेवटचा आटा सुटल्याचं बोटाला कळतं, तेव्हा झटकन हात बाजूला. सुरुवातीची धार सरळ खाली पडत नाही, चांगली हातभर लांब जाते. जोर ओसरला की मागे सरकत प्लगच्या खाली येते. तेव्हा घमेलं तिच्या मागोमाग सरकवायचं.

शंकेखोर | गुरुवार, रात्री १०:१८
काकांना अनुमोदन, फक्त एक भर. तरीही कुणाला गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. जॅक उचलण्यापुरता असतो. पेलायला स्टँड लागतात, दोन्ही बाजूंना, चासीखाली. विटा रचून नाही. वीट काही इशारा देऊन फुटत नाही.

आटेगेले | गुरुवार, रात्री १०:४०
माझं नाव बघून अंदाज आला असेलच.
पहिल्यांदा खाली झोपलो, प्लग सुटेना. पान्ह्यावर पाइप चढवला आणि लावला जोर. 'कट्' आवाज आला. म्हटलं, सुटला! सुटला नव्हता. उताणं झोपून हात डोक्यामागे नेऊन मी तो आवळत होतो. अॅल्युमिनियमचं चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), आटे पार गेले. मग चेंबर उतरवून आत स्टीलच्या आट्यांची नळी बसवून घ्यावी लागली.
खाली झोपल्यावर डावं-उजवं डोक्यात ठेवूच नका. उजव्या हाताची मूठ करा, अंगठा बाहेर. प्लग ज्या दिशेला बाहेर यायला हवा तिकडे अंगठा धरा. बोटं ज्या बाजूला वळलेली दिसतील तिकडे पाना फिरवा. उताणे झोपा, पालथे झोपा, हे चुकत नाही.

नटबोल्ट | गुरुवार, रात्री १०:४४
बसल्या जागी मूठ करून अंगठा फिरवून पाहिला. घरचे विचारतायत काय झालं.

मी_फक्त_वाचते | गुरुवार, रात्री १०:४६
मीही :)

गिअरबदलू | गुरुवार, रात्री ११:१५
आटेगेले, तुम्ही निदान योग्य प्लगला तरी हात घातलात.
माझी ऑटोमॅटिक. खाली गेलो, एक प्लग दिसला, सोडला, ऑइल आलं. थोडं लालसर वाटलं. मनात आलं, वा, काय सुंदर ऑइल आहे, उगाच बदलतोय. प्लग लावला, वरून इंजिनात ७ लिटर ओतलं, चालू केली. गिअर टाकला तर गाडी ढिम्म हलेना आणि मागे पांढरा धूर.
मी गिअरबॉक्स रिकामा केला होता, आणि इंजिनात जुनं अधिक नवं असं दुप्पट ऑइल झालं होतं. लगेच बंद केली म्हणून वाचलो.

जुनं_डिझेल | शुक्रवार, सकाळी ७:०२
फारच थोडक्यात वाचलास. पातळी खूप वर गेली की क्रँकची वजनं ऑइलमध्ये बुडून फिरायला लागतात आणि त्याचा फेस होतो. पंप मग ऑइलऐवजी फेस ओढतो आणि बेअरिंगला हवा मिळते. डिझेलमध्ये आणखी वाईट गोष्ट म्हणजे ऑइल ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, गेलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. मग चावी काढलीस तरी थांबत नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, बंद काय करणार?
तेव्हा डबलकॅब, प्लग सोडण्याआधी वर बॉनेटमधून डिपस्टिकची (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीची) नळी कुठे उतरते ते बघ. ती चेंबरमध्ये जाते. त्याच चेंबरचा प्लग तुझा. गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो.

तळटीप | शुक्रवार, सकाळी ८:३०
रात्रभर निथळत ठेवायचा विचार सोडून द्या. जाड धार थांबून थेंब थेंब पडायला लागले की प्लग लावायचा. शेवटच्या अर्ध्या पेल्यासाठी रात्र घालवण्यात अर्थ नाही. शिवाय काही डिझेल इंजिनं जास्त वेळ ऑइलविना राहिली तर पंपातलंही ऑइल उतरून जातं, आणि नवं भरून चालू केल्यावर पंप ऑइल ओढतच नाही. त्यांच्या मॅन्युअलमध्ये दहा मिनिटांच्या आत पुन्हा भरा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीत तसं असो-नसो, ही सवय काही वाईट नाही.

रानवाट | शुक्रवार, सकाळी ९:५०
मला मुळात प्रश्न पडलाय की ऑइल बदलायची वेळ झालीय हे कशावरून ठरवता? मी डिपस्टिक पुसून रंग बघतो.

तळटीप | शुक्रवार, सकाळी १०:०४
डिझेलचा रंग बघून काही कळत नाही. नवं ऑइल काही शे किलोमीटरांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हेच तर त्याचं काम. काळं झालंय म्हणजे काम करतंय. किलोमीटर आणि महिने, दोन्हींतलं जे आधी भरेल ते धरायचं. रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असाल तर त्याच्याही आधी.

दुधाळ_म्हैस | शुक्रवार, सकाळी १०:३५
माझी गंमत ऐका. माझ्या पिकअपच्या डिपस्टिकवर दर महिन्याला पातळी वाढायची. कमी नाही, वाढायची! मी सगळ्यांना सांगत सुटलो की लोकांच्या गाड्या ऑइल पितात, माझी देते.

नटबोल्ट | शुक्रवार, सकाळी १०:३७
आयडीचं कोडं सुटलं. हसून हसून पुरेवाट.

दुधाळ_म्हैस | शुक्रवार, सकाळी १०:५२
पुढचं ऐका. सायलेन्सरच्या नळीतला काजळीचा फिल्टर, डीपीएफ, साफ करायला इंजिन थोडं जास्तीचं डिझेल मारतं. तेवढ्यात आपण गाडी बंद केली की ती सफाई अर्धवट राहते. त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये जातं. माझं बारा मिनिटांचं जाणं-येणं, सफाई कधी पुरीच व्हायची नाही. ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि डिपस्टिक हुंगली तर सरळ डिझेलचा वास. तेव्हा रानवाट, रंग नका बघू, पातळी बघा आणि वास घ्या.

शंकेखोर | शुक्रवार, दुपारी १२:२०
डीपीएफचा विषय निघालाच आहे तर डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. नुसतं ५डब्ल्यू-३० जुळून भागत नाही. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, म्हणजे ५ हा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा आकडा आणि ३० हा १०० अंशांना किती दाट राहतं त्याचा. बस, एवढंच सांगतो तो. डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, म्हणजे एसीइए या युरोपीय मानकाच्या सी गटातलं किंवा पुस्तिकेत जे दिलंय ते. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती डीपीएफमध्येच साठत जाते.

डबलकॅब | शुक्रवार, रात्री ८:४०
डबा तपासला, सी३ आहे, पुस्तिकेतही तेच. सगळ्यांचे आभार. आता एकच राहिलं: नवा फिल्टर बसवण्याआधी ऑइलने भरून घ्यायचा का?

आटेगेले | शुक्रवार, रात्री ८:५५
हो.

गिअरबदलू | शुक्रवार, रात्री ८:५६
नाही.

मी_फक्त_वाचते | शुक्रवार, रात्री ८:५८
आता मजा येणार.

जुनं_डिझेल | शुक्रवार, रात्री ९:३०
भांडू नका रे. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर अर्धा-पाऊण भरावा. आडवा बसत असेल तर भरलेलं सगळं आपल्याच कोपरावरून खाली येतं. भरायचा तर कडेच्या बारीक भोकांतून हळूहळू भर. इंजिनातलं ऑइल त्या भोकांतून फिल्टरमध्ये शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात जातं. मधल्या भोकात ओतलंस तर ओतताना पडलेली धूळ न गाळता थेट बेअरिंगवर. न भरताही फारसं बिघडत नाही, ऑइलचा दिवा दोन-चार सेकंद जास्त राहील. फक्त तो विझेपर्यंत रेस देऊ नकोस.

डबलकॅब | शनिवार, सकाळी ९:४८
गाडीखालून लिहितोय. आधी ती संरक्षक पत्र्याची प्लेट काढावी लागली. चारपैकी तीन बोल्ट सुटले, चौथा गंजलेला. गंज सोडवायचा स्प्रे मारून वाट बघितली, निघाला. प्लग अंगठा बघूनच सोडला, योग्य बाजूला फिरला. धार काकांनी सांगितली तशीच हातभर गेली, घमेल्याच्या पलीकडे. एक बाही गेली.
आता फिल्टर हलत नाहीये. दोन्ही हातांनी धरला तरी घसरतोय.

नटबोल्ट | शनिवार, सकाळी ९:५१
लाइव्ह प्रक्षेपण! सगळी कामं बाजूला ठेवली आहेत.

रानवाट | शनिवार, सकाळी ९:५३
स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोक आणि तोच दांडा म्हणून फिरव.

तळटीप | शनिवार, सकाळी ९:५५
नको! पत्रा फाटतो, वरची चकती तिथंच राहते आणि धरायलाही काही उरत नाही. तो शेवटचा उपाय. आधी फिल्टर फडक्याने कोरडा करा आणि पॉलिश पेपर उलटा गुंडाळून, खरखरीत बाजू फिल्टरकडे, दोन्ही हातांनी फिरवा. नाही झालं तर जुना कमरेचा पट्टा वेढून दांड्याने पिळा. पट्टा बुडाशी नको, इंजिनाजवळच्या जाड कडेपाशी वेढा, तिथं पत्रा चेपत नाही.

शंकेखोर | शनिवार, सकाळी ९:५६
आणि फिल्टर निघाला की आधी त्याच्या तोंडावर रबरी रिंग आहे का बघा. नसेल तर ती इंजिनालाच चिकटलेली आहे.

डबलकॅब | शनिवार, सकाळी १०:१९
पॉलिश पेपरने काम झालं नाही, पट्ट्याने झालं. निघाला!! आता नवा लावतो.

शंकेखोर | शनिवार, सकाळी १०:२०
रिंग बघितलीस का?

शंकेखोर | शनिवार, सकाळी १०:२४
अरे रिंग??

डबलकॅब | शनिवार, सकाळी १०:३८
शंकेखोर, साष्टांग नमस्कार.
नवा फिल्टर दोन फेरे चढवला होता, तेवढ्यात तुमचा मेसेज दिसला. उतरवून मोबाइलचा उजेड पाडला. फिल्टर बसतो ती जागा काळी, ऑइलने चकचकीत, सगळं ठीकच वाटलं. नख फिरवलं तर कडेला एक बारीकशी पायरी लागली. नखाने उचकटलं तर अख्खी रिंग सोलून हातात आली. पत्र्याइतकी चपटी झालेली, चुरचुरीत. डोळ्यांना इंजिनाचाच भाग वाटत होती.

जुनं_डिझेल | शनिवार, सकाळी १०:४५
दोन रिंगा एकावर एक बसल्या असत्या तर उभ्या गाडीत एक थेंबही गळला नसता. चालू केल्यावर दाब आला की वरची रिंग बाजूला फेकली जाते आणि बघता बघता सगळं ऑइल रस्त्यावर. मी एकदा पाहिलंय, नंतर कित्येक महिने ती जागा ओळखू यायची.
आता जागा पुसून घे. नव्या रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरव. रिंग टेकेपर्यंत हाताने चढव, टेकल्यावर पाऊण फेरा, तोही हातानेच. पट्टा फक्त काढताना. आणि प्लगचा वॉशर नवा लाव. जुना एकदा दबला की दुसऱ्यांदा दबत नाही.

आटेगेले | शनिवार, सकाळी १०:४७
प्लग किती आवळायचा याबद्दल काही बोलायचा मला नैतिक अधिकार नाही.

तळटीप | शनिवार, सकाळी १०:५२
पुस्तिकेत आकडा असतो. समजा ३४ न्यूटन-मीटर असेल, तर पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर. मनगटाने होतो, खांदा लावायची गरज नाही. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना) असेल तर उत्तम. सुरुवातीचे तीन-चार आटे मात्र बोटांनीच चढवा, तिरका बसला तर लगेच कळतं.

डबलकॅब | शनिवार, सकाळी ११:५५
प्लग लावला, फिल्टर लावला. नरसाळ्याने आधी ६.५ लिटर ओतलं, मग थोडं थोडं. चालू केली, ऑइलचा दिवा तीन सेकंदांत विझला. मिनिटभर चालवली, बंद केली, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघितली आणि खालच्या-वरच्या खुणेच्या मध्ये येईपर्यंत भर घातली. एकूण सव्वासात गेलं. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा आकडाही शून्यावर आणला.
आता या घमेल्यातल्या काळ्या पाण्याचं काय करू?

रानवाट | शनिवार, दुपारी १२:०६
आम्ही कुंपणाच्या लाकडी खांबांना फासतो, वाळवी लागत नाही. उरलेलं तणावर ओततो.

मी_फक्त_वाचते | शनिवार, दुपारी १२:१५
आता मात्र बोलते, कारण हा माझा विषय आहे, मी प्रयोगशाळेत काम करते. कृपा करून हे करू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेले पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन असतात. त्यातले काही कर्करोगाला कारण होणारे. ते तुम्ही मातीत आणि तिथून पाण्यात सोडताय. कातडीलाही पुन्हा पुन्हा लागू देऊ नये, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालायचे. याच ऑइलवर प्रक्रिया करून त्यातून पुन्हा चांगलं मूळ तेल काढता येतं, तेव्हा नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, एवढ्याने अख्खा साठा वाया जातो. फिल्टरही उपडा करून दिवसभर निथळू द्या. आत बरंच उरलेलं असतं.

नटबोल्ट | शनिवार, दुपारी १२:१८
ताई, आयडी बदला आता.

रानवाट | शनिवार, दुपारी १२:४०
तणावर ओतणं बंद, कबूल. खांबांबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही.

मी_फक्त_वाचते | शनिवार, दुपारी १२:४३
पाऊस तुमच्या खांबांवर पडत नाही का?

रानवाट | शनिवार, दुपारी १:१०
तेही बंद.

डबलकॅब | रविवार, सकाळी ८:२०
रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता. सकाळी त्यावर रुपयाएवढे दोन डाग! पोटात गोळा आला. खाली शिरून बघितलं, प्लग कोरडा, फिल्टर कोरडा. काल धार उडाली तेव्हा ऑइल चासीच्या आडव्या पट्टीच्या खोबणीत साचलं होतं, ते तिथून टपकत होतं. पुसून घेतलं, नवा पुठ्ठा टाकला.
माझ्याच मुख्य प्रश्नाचं उत्तर: वेळ सव्वातीन तास, एक शर्ट आणि डाव्या हाताचं एक सोललेलं बोट. गॅरेजमध्ये तासाभरात होतं. तरी पुढच्या वेळीही मीच करणार. कारण ऐका.
ताईंनी सांगितलं म्हणून फिल्टर उपडा करायला घेतला. इंजिनाकडे तोंड असलेली बाजू कधी दिसायची नाही, ती पुसली तर त्यावर कुणीतरी पेनाने '६८ हजार' लिहिलेलं. म्हणजे ४४ हजार किलोमीटर हाच फिल्टर! मी ठिपका काढला त्याच्याही आधीपासून तो तिथंच बसला होता.

जुनं_डिझेल | रविवार, सकाळी ८:४१
म्हणून रिंग इतकी चपटी. फिल्टरमध्ये बायपास झडप असते. कागद चोंदला की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिन उपाशी राहण्यापेक्षा घाण खाल्लेली बरी, असा हिशोब. किती दिवस घाण खाल्ली कोण जाणे. हे ऑइल दोन-तीन हजारांवर एकदा लवकर बदल, मग नेहमीचं वेळापत्रक धर. आणि जुना फिल्टर निथळल्यावर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघ. करडी मळी दिसली तर ठीक, चमकणारे कण दिसले तर कळव.

डबलकॅब | रविवार, दुपारी ४:३०
कापला. करडी मळीच आहे, घड्या एकमेकींना चिकटलेल्या. चुंबक फिरवलं, किंचित राखाडी लेप आला, टोचणारं काही नाही.
नव्या फिल्टरवर तारीख, किलोमीटर आणि मार्करचा ठिपका काढून ठेवलाय.

नटबोल्ट | रविवार, दुपारी ४:३३
आता बदलणारा तूच. मग ठिपका कुणावर लक्ष ठेवायला?

डबलकॅब | रविवार, दुपारी ४:३६
सव्वातीन तास लागलेत. पुढच्या वेळी मलाच टाळाटाळ करावीशी वाटली तर?